३० मतांनी हार, ४३ मतांनी जीत: अॅरिझोनाची १९१६ ची गव्हर्नर निवडणूक

रेघोटी (धागाकर्ता)

अमेरिकेतली अटीतटीची निवडणूक म्हटलं की गाडी थेट २००० च्या फ्लोरिडावर जाते. त्याच्या कितीतरी आधी अॅरिझोनात याहून मोठा गुंता झाला होता. एका खुर्चीवर दोन दावेदार, दोघांच्याही शपथा झालेल्या आणि निकाल लागायला १३ महिने.

आधी एक खुलासा. मी मुद्दाम 'गव्हर्नर' लिहितोय. आपल्या डोक्यात राज्यपाल म्हणजे राजभवनातला, केंद्राने नेमलेला माणूस. अमेरिकेतला गव्हर्नर थेट लोकांनी निवडलेला आणि कामाने आपल्या मुख्यमंत्र्याजवळ जाणारा.

अॅरिझोना १४ फेब्रुवारी १९१२ ला ४८ वं राज्य झालं. पहिला गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. पी. हंट, डेमोक्रॅट. मिसूरीचा माणूस, १८८१ मध्ये ग्लोब या खाणगावात आला, सुरुवातीला वेटरचं, मग खाणीतलं काम केलं आणि पुढे तिथल्याच मोठ्या व्यापारी कंपनीचा अध्यक्ष झाला. १९१० च्या घटना समितीचा अध्यक्षही तोच. समोर रिपब्लिकन टॉमस कॅम्पबेल. जन्म १८७८, प्रेस्कॉटचा, म्हणजे तिथलाच भूमिपुत्र. १९१४ मध्ये राज्याचा टॅक्स कमिशनर म्हणून निवडून आला होता.

मतदान ७ नोव्हेंबर १९१६ ला झालं. पहिल्या अधिकृत बेरजेत कॅम्पबेल २७,९७६ आणि हंट २७,९४६. फरक ३०. हंटने निकाल मानला नाही.

१ जानेवारी १९१७ ला मुदत सुरू व्हायची होती. कॅम्पबेलनेही शपथ घेतली, हंटनेही घेतली. हंट कॅपिटलमधलं (म्हणजे राज्याच्या विधान भवनातलं) ऑफिस सोडेना, दाराशी पहारा. कॅम्पबेलने फिनिक्समधल्या आपल्या घरातच गव्हर्नरचं कार्यालय थाटलं. २७ जानेवारीला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ दाव्याचा निकाल लागेपर्यंत कारभार कॅम्पबेलचा, मग हंट उठला. मे महिन्यात खालच्या कोर्टाने कॅम्पबेललाच विजयी ठरवलं. हंट वरच्या कोर्टात गेला. २२ डिसेंबर १९१७ ला सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला: हंट ४३ मतांनी विजयी. नाताळच्या दिवशी हंट पुन्हा खुर्चीत.

त्या वेळी गव्हर्नरची मुदतच दोन वर्षांची होती. त्यातलं जवळजवळ एक वर्ष 'हरलेल्याने' चालवलं.

मला यात रस आहे तो मतपत्रिकेत. ३० चे उणे ४३ कसे होतात? जाणकारांनी लिहा.

---

कारकुनी_काना

मतपत्रिकेपासूनच सुरू करू, कारण सगळी गोम तिथे आहे.

अमेरिकेत सरकारी छापील गुप्त मतपत्रिका १८८८ नंतर पसरली आणि तिचे दोन घाट पडले. मॅसॅच्युसेट्सने पदानुसार मांडणी केली: वर 'गव्हर्नर', खाली सगळ्या पक्षांचे उमेदवार, मग पुढचं पद. इंडियानाने पक्षानुसार: प्रत्येक पक्षाचा एक उभा रकाना, त्यात त्या पक्षाचे राष्ट्राध्यक्षापासून स्थानिक पदांपर्यंतचे उमेदवार एकाखाली एक. रकान्याच्या माथ्यावर एक चौकोन. तिथे एक फुली मारली की अख्ख्या रकान्याला मत. याला 'स्ट्रेट तिकीट' म्हणतात.

साखर कारखान्याच्या निवडणुकीत 'पॅनल टू पॅनल मारा' असा प्रचार होतो ना, तसंच. फरक इतकाच की आपल्याकडे प्रत्येक जागेसाठी शिक्का वेगळा उमटवावा लागतो, आणि तिकडे माथ्यावरच्या एका फुलीत काम.

आता गडबड कुठे? मतदाराला सगळे डेमोक्रॅट हवेत, फक्त गव्हर्नर कॅम्पबेल हवा. नीट करायचं तर माथ्याचा चौकोन कोरा ठेवून प्रत्येक पदापुढे वेगळी फुली मारायची. पण पंधरा-वीस फुल्या मारण्याचा कंटाळा. तो डेमोक्रॅट चौकोनात एक फुली मारतो, मग शेजारच्या रिपब्लिकन रकान्यात जाऊन कॅम्पबेलच्या नावापुढे दुसरी मारतो. त्याच्या मते काम झालं. मोजणाऱ्याच्या टेबलावर मात्र गव्हर्नर पदासाठी दोन उमेदवारांना मत पडलेलं दिसतं: एक माथ्यावरून आपोआप हंटला, दुसरं थेट कॅम्पबेलला.

ही पत्रिका तीन प्रकारे वाचता येते.

पहिला: नावापुढची फुली जास्त नेमकी, म्हणून तीच धरा. मत कॅम्पबेलला.
दुसरा: माथ्याची फुली म्हणजे पूर्ण तिकीट, बाकी खुणा फालतू. मत हंटला.
तिसरा: एका पदाला दोन मतं, म्हणून त्या पदापुरतं मत बाद. बाकी पदांची मतं चालू.

कायद्याच्या पुस्तकात तिघांनाही आधार सापडतो. कोणता नियम लावायचा हे आधी स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर एक बूथ पहिला लावतो, दुसरा तिसरा लावतो आणि बेरीज करताना कुणाच्या लक्षातही येत नाही.

गणित मांडा. समजा सगळ्या दुहेरी पत्रिका आधी कॅम्पबेलकडे धरल्या आणि तो ३० ने पुढे आहे. एक पत्रिका बाद केली तर फरक १ ने कमी. एक पत्रिका त्याच्याकडून काढून हंटला दिली तर फरक २ ने कमी. म्हणजे ३० मतं बाद झाली किंवा १५ मतं फिरली की आघाडी संपली. १४ काउंट्यांच्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) राज्यात १५ पत्रिका म्हणजे काउंटीमागे जेमतेम एक.

---

पाटीवरचा_खडू

छान समजलं. एक शंका. दुहेरी फुलीवाले उलट बाजूचे पण असतीलच की, म्हणजे रिपब्लिकन चौकोन आणि हंटच्या नावापुढे फुली. मग दोन्ही एकमेकांना खाऊन टाकणार नाहीत का?

---

रेघोटी

नाही खात, आणि हेच या निवडणुकीचं वैशिष्ट्य. त्याच मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदही होतं. अॅरिझोनात विल्सनला ३३,१७० मतं आणि ह्यूजला २०,५२२. म्हणजे वरच्या पदाला डेमोक्रॅट साडेबारा हजारांनी पुढे.

आता खाली या. हंटला २८ हजारांच्या आत. विल्सनच्या मागे पाच हजारांहून जास्त. कॅम्पबेल मात्र स्वतःच्या पक्षाच्या ह्यूजपेक्षा साडेसात हजारांनी पुढे. म्हणजे काही हजार लोकांनी 'विल्सन हवा, हंट नको' असं मत दिलंय हे आकड्यांतच दिसतं. क्रॉस व्होटिंगचा लोंढा एकाच दिशेने होता. त्यामुळे दुहेरी फुलीच्या पत्रिकाही बहुतेक एकाच जातीच्या निघणार: डेमोक्रॅट चौकोन + कॅम्पबेल.

दुहेरी फुलीचा नियम वरवर सगळ्यांना सारखा, पण ज्याला परपक्षातून मतं मिळतात त्यालाच तो झोंबतो. इथे तो कॅम्पबेल.

---

तांबडा_डोंगर

एवढे डेमोक्रॅट हंटला का सोडून गेले ते कुणी विचारलं नाही. सांगतो.

अॅरिझोना म्हणजे तांबं. ग्लोब, बिस्बी, जेरोम, क्लिफ्टन-मोरेन्सी ही सगळी खाणगावं. सप्टेंबर १९१५ मध्ये क्लिफ्टन-मोरेन्सीत मोठा संप झाला, साधारण पाच हजार कामगार, त्यांत मेक्सिकन खूप. मेक्सिकन कामगाराला त्याच कामाला कमी पगार, हे दुखणं. अशा वेळी त्या काळचा कुठलाही गव्हर्नर नॅशनल गार्ड (राज्याच्या हाताखालची राखीव फौज) पाठवायचा आणि गार्डच्या बंदुकीच्या आड कंपनी बाहेरून बदली कामगार आणायची. हंटनेही गार्ड पाठवलं, पण बदली कामगार आणायला मनाई केली. संप मोडला नाही, जानेवारी १९१६ मध्ये तडजोड झाली. खाणकंपन्यांनी ते लक्षात ठेवलं.

दुसरी गोष्ट तुरुंग. फाशीला विरोध आणि कैद्यांना रस्त्याच्या कामावर बाहेर काढणं ही हंटची जुनी आवड. विरोधक म्हणायचे, याला कैद्यांचा पुळका आणि करदात्याची फिकीर नाही. समोरचा उमेदवार टॅक्स कमिशनर! प्रचाराला याहून सोपा मुद्दा कुठला?

गंमत बघा, फाशी रद्द करण्याचा प्रस्तावही १९१६ च्या त्याच मतपत्रिकेवर होता. तो १५२ मतांनी मंजूर झाला. म्हणजे लोकांनी हंटचा मुद्दा चिमूटभर मतांनी उचलला आणि हंटला चिमूटभर मतांनी पाडलं (निदान पहिल्या मोजणीत). १९१८ मध्ये मतदारांनीच फाशी परत आणली.

---

वकिली_चष्मा

कोर्टाचा भाग जरा सुटा करून सांगतो, कारण धाग्यात दोन वेगळे दावे एकात मिसळतायत.

पहिला प्रश्न होता ताब्याचा. निवडणुकीचा वाद चालू असताना ऑफिसात कुणी बसायचं? याचं उत्तर २७ जानेवारी १९१७ ला आलं. राज्यव्यापी बेरजेनंतर निवडून आल्याचं प्रमाणपत्र कॅम्पबेलच्या हातात, त्याने शपथही घेतलेली. कोर्टाने मतांच्या खोलात न जाता त्याला 'डी फॅक्टो' म्हणजे प्रत्यक्ष कारभारी गव्हर्नर मानलं. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. सातबाऱ्यावर मालकाचं नाव एक, पीकपाण्यात वहिवाट दुसऱ्याची. मालकीचा दावा चालेल तेवढा चालू दे, तोवर शेत पडीक ठेवता येत नाही.

दुसरा प्रश्न मालकीचा, म्हणजे हक्काचा गव्हर्नर कोण. तो मॅरिकोपा काउंटीच्या सुपीरियर कोर्टात चालला, न्यायाधीश आर. सी. स्टॅनफर्ड. हे स्वतः डेमोक्रॅट, पुढे १९३७ मध्ये गव्हर्नरही झाले. तरी त्यांनी निकाल रिपब्लिकन कॅम्पबेलच्या बाजूने दिला. अपिलात सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. सुप्रीम कोर्टात तेव्हा तीनच न्यायाधीश: फ्रँकलिन, कनिंगहॅम, रॉस. तिघेही डेमोक्रॅटिक तिकिटावर निवडून आलेले. रिपब्लिकनांनी यावर काय म्हटलं असेल ते सांगायला नको. पण प्रमाणपत्रं देणाऱ्या खात्याचा प्रमुख सेक्रेटरी ऑफ स्टेट सिडनी ऑझ्बर्नही डेमोक्रॅटच होता, खालचा जज्जही डेमोक्रॅट, आणि तरी पहिले दोन डाव कॅम्पबेलच्या बाजूने पडले. 'पक्षाने निकाल दिला' एवढ्यावर भागत नाही.

अपिलातल्या निकालातलं एक तत्त्व अॅरिझोनाची कोर्टं आजही उचलतात: निवडणूक कर्मचाऱ्यांच्या प्रामाणिक चुका, अगदी ढोबळ असल्या तरी, फसवणूक नसेल आणि निकालावर परिणाम होत नसेल तर त्यावरून निवडणूक रद्द होत नाही. मोजणी अधिकाऱ्याने दिलेला आकडा आधी खरा धरायचा, खोटा ठरवायचं ओझं तक्रारदाराच्या डोक्यावर.

पण ३० मतांच्या फरकात 'निकालावर परिणाम होत नाही' हे वाक्यच टिकत नाही. एका बूथवरच्या अर्ध्या गठ्ठ्याने निकाल पालटतो. त्यामुळे जी चूक एरवी कुणी ढुंकूनही पाहिली नसती, तीही पुरावा बनते.

---

पाटीवरचा_खडू

आणि समजा अगदी १५ मतं फिरली असती आणि बरोबरी झाली असती तर? चिठ्ठी टाकून?

---

वकिली_चष्मा

आपल्याकडे चिठ्ठी. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६५. मोजणीअखेर समसमान मतं आली तर निवडणूक निर्णय अधिकारी सोडत काढतो आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक जादा मत मिळालं असं धरतो.

अॅरिझोनात नाही. तिथल्या घटनेच्या ५ व्या प्रकरणात लिहिलंय की सर्वात जास्त मतं दोघांना सारखी पडली तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकत्र मतदान करून त्यातला एक निवडायचा. विधिमंडळ डेमोक्रॅटांचं. हंटला बरोबरी सुद्धा पुरली असती, असा अंदाज बांधता येतो. पण हंटचं स्वतःच्या पक्षाशीही फारसं गूळपीठ नव्हतं, तेव्हा पैज लावू नका.

---

गोदाकाठ

विधिमंडळावरून आठवलं, १९०४ चं कोलोरॅडो. तिथे निवडणुकीचा वाद कोर्टात न जाता विधिमंडळापुढे जायचा. डेमोक्रॅट अल्वा अॅडम्स मतांनी पुढे, जानेवारी १९०५ मध्ये शपथ घेऊन बसला. हरलेला रिपब्लिकन गव्हर्नर जेम्स पीबॉडी म्हणाला, डेन्व्हरमध्ये बोगस मतदान झालं. दुसऱ्या बाजूने आरोप की कोळसाखाणींच्या भागात कंपन्यांनी मतं पाडून घेतली. दोन्ही आरोपांत तथ्य होतं.

विधिमंडळाने १६ मार्च १९०५ ला अॅडम्सला काढलं, पीबॉडीला बसवलं, पण अट आधीच ठरलेली: राजीनामा लिहून दे. १७ तारखेला लेफ्टनंट गव्हर्नर (उपगव्हर्नर) जेसी मॅकडोनल्ड गव्हर्नर. २४ तासांत तीन गव्हर्नर. त्यापुढे अॅरिझोनाचं कोर्ट सरळमार्गी वाटतं.

---

वकिली_चष्मा

गोदाकाठ, चांगली भर. आणि हे वाद वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात का जात नसत त्याचंही कारण आहे. केंटकीत १८९९ ची गव्हर्नर निवडणूक अशीच विधिमंडळात गेली, वाद चालू असताना विल्यम गोबेलला गोळी लागली, मरणाच्या दारात असताना त्याला शपथ दिली आणि ३ फेब्रुवारी १९०० ला तो गेला. दुसरी बाजू केंद्रीय सुप्रीम कोर्टात गेली. 'टेलर विरुद्ध बेकहॅम' या १९०० च्या निकालात कोर्टाने सांगितलं की सरकारी पद ही कुणाची मालमत्ता नव्हे, राज्यातल्या पदाचा वाद राज्यानेच मिटवावा. त्यामुळे १९१७ मध्ये फिनिक्सचं कोर्ट म्हणजे शेवटचा थांबा होता.

---

कारकुनी_काना

रेघोटींनी मतपत्रिकेबद्दल विचारलंय म्हणून आपल्याकडच्या नियमांशी ताडून बघू. जिथे कागदी पत्रिका अजून आहेत (टपाली मतं, विधान परिषद, सहकारी संस्था) तिथे बाद-वैध हा वाद रोजचाच.

निवडणूक नियम १९६१, नियम ५६. पत्रिका बाद कधी? मतदाराची ओळख पटेल अशी खूण वा लिखाण असेल तर. खूणच नसेल किंवा दिलेल्या साधनाऐवजी दुसऱ्या कशाने केलेली असेल तर. एकाहून जास्त उमेदवारांना मत असेल तर. खूण अशी अधांतरी असेल की मत कुणाला ते कळत नाही तर. पत्रिका बनावट असेल तर. आणि मग महत्त्वाची पुस्ती: खूण पुसट आहे किंवा एकाच उमेदवारापुढे दोनदा मारली आहे एवढ्यासाठी बाद करू नका, हेतू स्पष्ट दिसत असेल तर मत धरा.

म्हणजे आपला नियम 'हेतू पाहा' म्हणतो, पण दोन उमेदवारांपुढे खूण असेल तर हेतूचा शोध तिथेच थांबवतो. १९१६ च्या दुहेरी फुलीला हा नियम लावला तर वर दिलेला तिसरा पर्याय येतो. मत बाद.

बाणफुलीचा रबरी शिक्का पाहिला असेल. त्याचे बाण मुद्दाम असे वळवलेत की घडी घातल्यावर शाई पलीकडे उमटली तर तो ठसा आरशातल्यासारखा उलटा दिसतो. मोजणीला बसलेला माणूस खरा ठसा कुठला आणि उतरलेला कुठला हे ओळखू शकतो. म्हणूनच आधी उभी घडी, मग आडवी असं सांगतात. उभ्या घडीने शाई समोरच्या कोऱ्या भागावर उतरते, दुसऱ्या उमेदवाराच्या रकान्यात नाही. साध्या फुलीला हे संरक्षण नाही. फुली उलटी केली तरी फुलीच.

फेरमोजणीबद्दल: उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने, निकालपत्रकावर सही होण्याआधी, लेखी आणि कारणांसह अर्ज द्यायचा (नियम ६३). 'फरक कमी आहे' हे एकटं कारण लंगडं पडतं. कुठल्या टेबलावर, कुठल्या फेरीत, कुठल्या गठ्ठ्यात काय चुकलं ते लिहावं लागतं. २५ च्या गठ्ठ्यात २४ निघणं, दुसऱ्याचा गठ्ठा चुकून आपल्या कप्प्यात जाणं, बेरजेत हातचा राहणं, या नेहमीच्या चुका. गठ्ठा चुकीच्या कप्प्यात गेला तर २५ नव्हे, ५० मतांचा फरक पडतो. उमेदवारांचे मोजणी प्रतिनिधी हेच विसरतात.

सही झाली की दरवाजा बंद. मग ४५ दिवसांत हायकोर्टात निवडणूक याचिका.

---

गोदाकाठ

आणि याचिका फक्त एकाच बाजूने चालत नाही हेही लिहा. हरलेला म्हणाला 'मला विजयी घोषित करा' तर जिंकलेल्याला कलम ९७ खाली उलट नोटीस देता येते की याचीही मतं तपासा. सुनावणी सुरू झाल्यापासून १४ दिवसांत, तारण भरून. ती दिली नाही तर कोर्ट फक्त जिंकलेल्याच्याच मतांतल्या चुका चाळत बसतं.

---

तांबडा_डोंगर

तुम्ही सगळे फुल्या मोजताय, पण त्या एका वर्षात जे झालं ते विसरू नका. १२ जुलै १९१७. बिस्बी. कॅम्पबेल डी फॅक्टो गव्हर्नर असताना.

कोचीस काउंटीचा शेरीफ हॅरी व्हीलर याने साधारण दोन हजार लोकांना हंगामी शिपाई केलं, दंडावर पांढरी पट्टी बांधली, आणि पहाटे घराघरातून संपकरी आणि त्यांचे पाठीराखे उचलले. जवळजवळ १,२०० माणसं. २३ मालडब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात हर्मानासला नेऊन सोडली. तार आणि टेलिफोनही त्या दिवशी हद्दपार करणाऱ्यांच्याच ताब्यात. हंट गव्हर्नर असता तर फेल्प्स डॉज या खाणकंपनीची ही हिंमत झाली असती का?

---

रेघोटी

तांबडा_डोंगर, राग समजतो, पण इथे मला थोडं वेगळं वाटतं. शेरीफ हा काउंटीतून निवडून आलेला, गव्हर्नरच्या हाताखालचा नाही. आपल्या एसपीसारखी त्याची बदली करता येत नव्हती. आणि अॅरिझोनाचं नॅशनल गार्ड मे १९१६ मध्येच मेक्सिको सीमेवरच्या कामासाठी केंद्राने बोलावून घेतलं होतं. म्हणजे १९१५ मध्ये हंटकडे जे हत्यार होतं ते १९१७ मध्ये कुणाकडेच नव्हतं. फौज हवी तर वॉशिंग्टनला तार करा.

हंट त्या उन्हाळ्यात रिकामा नव्हता. विल्सनने त्याला ग्लोबच्या संपात मध्यस्थ म्हणून नेमलं. खुर्ची नसलेला गव्हर्नर, पण काम तेच.

---

तांबडा_डोंगर

गार्डचा मुद्दा मान्य. शेरीफचा अर्धाच मान्य. गव्हर्नर आधीपासून कुणाच्या बाजूला आहे हे ठाऊक असलं की शेरीफचाही हात सैल किंवा आखडता होतो. राष्ट्राध्यक्षांच्या मध्यस्थी आयोगाने पुढे चौकशी करून ही हद्दपारी पूर्णपणे बेकायदा ठरवली, तरी शिक्षा कुणालाच झाली नाही.

---

पाटीवरचा_खडू

मग त्या वर्षभरात कॅम्पबेलने सह्या केलेल्या कायद्यांचं काय? तो तर 'हरलेला' ठरला ना शेवटी?

---

वकिली_चष्मा

शाबूत. डी फॅक्टो अधिकाऱ्याचा नियम त्यासाठीच आहे. ज्याच्या हातात दिसायला योग्य प्रमाणपत्र आहे, जो प्रत्यक्ष कारभार करतोय, त्याच्याशी लोकांनी आणि खात्यांनी केलेले व्यवहार नंतर मोडत नाहीत. नाहीतर १९१७ च्या विधिमंडळाने केलेला एकूण एक कायदा, प्रत्येक नेमणूक डिसेंबरात हवेत गेली असती. पदाचा हक्क मागून गेला, केलेली कामं राहिली. कॅम्पबेल आजही अॅरिझोनाच्या यादीत दुसरा गव्हर्नर म्हणून आहे.

---

गोदाकाठ

पुढचं थोडक्यात, ज्यांना उत्सुकता असेल त्यांच्यासाठी. १९१८ मध्ये हंट उभा राहिला नाही. कॅम्पबेल राहिला आणि हंटच्या गोटातल्या फ्रेड कोल्टरला ३३९ मतांनी हरवून या वेळी निर्विवाद गव्हर्नर झाला. १९२० मध्ये परत निवडून आला. विल्सनने १९२० मध्ये हंटला सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, अमेरिकेचा राजदूत करून पाठवलं. तो परत आला आणि १९२२ मध्ये कॅम्पबेललाच हरवून खुर्ची घेतली. एकूण सात वेळा गव्हर्नर. १९३४ मध्ये वारला. फिनिक्सच्या पपागो पार्कमध्ये त्याची समाधी आहे, चक्क पांढरा पिरॅमिड.

अवांतर: ४३ वरून मुंबई उत्तर-पश्चिम २०२४ आठवलं. रवींद्र वायकर ४८ मतांनी, अमोल कीर्तिकरांविरुद्ध. तिथेही वादात बाद टपाली मतं होतीच. यंत्रं आली तरी भांडण शेवटी कागदापाशीच येतं.

---

कारकुनी_काना

अवांतराला अवांतर: २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी १ मताने पडले, २००४ मध्ये कर्नाटकात संतेमरहळ्ळीत ध्रुवनारायण १ मताने जिंकले. तिथे ३० म्हणजे दणदणीत विजय.

बाकी माझ्याच वरच्या प्रतिसादाला एक जोड. कॅम्पबेल ३० ने पुढे होता, शेवटी हंट ४३ ने. म्हणजे एकूण सरक ७३. हा विषम आकडा आहे. मत एकाकडून काढून दुसऱ्याला दिलं की फरक २ ने बदलतो, म्हणजे नुसती मतं फिरवून ७३ येऊच शकत नाही. बाद केलेली किंवा नव्याने धरलेली मतं, निदान एक तरी, त्यात असलीच पाहिजेत. 'कोर्टाने कॅम्पबेलची मतं उचलून हंटला दिली' असं सरसकट कुणी सांगितलं तर त्याला हे एवढं विचारा.

---

पाटीवरचा_खडू

आणि फक्त बाद करून आले असतील तर ७३ पत्रिका. बरोबर?

---

कारकुनी_काना

सगळ्या कॅम्पबेलच्या असतील तर. हंटची एक बाद झाली की कॅम्पबेलची आणखी एक लागते: ७४ आणि १, ७५ आणि २, असं पुढे.